कापलेली सहाशे अक्षरं

आमच्या केळी संशोधन केंद्रात केळीच्या नव्या वाणावर अकरा पुरुष काम करत होते. अकराही जणांनी जन्मभर मटोके, म्हणजे वाफवलेली हिरवी केळी, खाल्लं होतं, आणि एकानेही कधी केळं सोललं नव्हतं. ही गोष्ट कुठल्याच अहवालात आलेली नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आम्हा बागांडा जमातीच्या लोकांच्या घरात चूल घरामागे वेगळ्या झोपडीत असते. पुरुष तिकडे फिरकला तर बायका हसतात, आणि नुसत्या हसून थांबत नाहीत, त्याच्या पोरांच्या लग्नातही ती हकिगत सांगतात. त्यामुळे हिरवी केळी आत जातात आणि काही तासांनी पानात वाफवलेला मऊ पिवळा गोळा बाहेर येतो, एवढंच आम्हाला माहीत. मधल्या तासांचा आम्ही कधी विचार केला नव्हता. तसा तो करायचा पगार आम्हाला मिळत होता.

काम मर रोगावर होतं. हा रोग बागेत शिरला की पानं पिवळी पडतात, घड आतून सडतात आणि खोडातून पिवळा चिकट द्रव गळतो. मग शेतकरी अख्खी बाग उपटून पुरतो आणि वर्षभर लोकांकडून मक्याचं पीठ मागून खातो. त्यावर आम्ही मिरचीच्या झाडातला एक जीन केळीत घातला. तो एक लहानसं प्रथिन बनवतो, आणि ते प्रथिन रोगाच्या जिवाणूला भोकं पाडतं. जिवाणू शिरलेल्या पेशीलाही पाडतं. तेवढं नुकसान झाड सोसतं. प्रथिन भलतंच चिवट. उकळलं तरी मरत नाही. उन्हाळ्यात टिकेल म्हणून या गुणाबद्दल आम्ही एका परिषदेत टाळ्याही घेतल्या होत्या.

असलं हत्यार झाडात सतत परजून ठेवता येत नाही. म्हणून खरा प्रश्न जीनचा नव्हताच, प्रमोटरचा होता. मंत्रालयात मी हे असं समजावून सांगायचो: जीन म्हणजे मंत्री. मंत्र्याला सही करता येते, पण कधी करायची ते त्याच्या हातात नसतं. ते बाहेरच्या खोलीत ठरतं. जीनच्या आधी डीएनएचा जो तुकडा असतो, प्रमोटर, तो म्हणजे ही बाहेरची खोली. एरवी हा तुकडा रिळावरच्या दोऱ्यासारखा घट्ट गुंडाळलेला असतो, म्हणजे खोली बंद. वेळ आली की ती उघडते, ठरावीक कारकून ठरावीक खुर्च्यांवर येऊन बसतात, सगळी मंडळी जमली की नक्कल करणारं यंत्र दाराशी येतं आणि मग आतल्या फायलीच्या नकला निघू लागतात. प्रत्येक पेशीत मंत्री तोच. पानात तो सही करतो आणि मुळात झोपा काढतो, ते या खोलीमुळे. मंत्रालयातल्या लोकांना हे लगेच समजायचं. विज्ञानाच्या पदवीधरांना थोडा वेळ लागायचा.

आमचा प्रमोटर जिवाणू आला तरच उघडणारा होता. मूळ तुकडा पंधराशे अक्षरांचा. केळीत घालायच्या डीएनएच्या जुळणीत जागा कमी पडत होती, म्हणून मी त्याची पुढची सहाशे अक्षरं कापली. त्यांचं काही काम दिसत नव्हतं. उरलेल्या नऊशेंवर पानांची चाचणी केली: जिवाणू सोडला की जीन जागा, नाही सोडला की गप्प. उत्तम. ज्याचं काम दिसत नाही त्याला काढून टाकल्यावर सगळं नीट चालतंय असं वाटणं, हा आमच्या देशातल्या कुठल्याही खात्याचा अनुभव आहे.

मग फळाची चाचणी. झाडावरून केळं काढायचं, धारदार पात्याने चकती कापायची आणि तीस सेकंदांच्या आत द्रव नायट्रोजनमध्ये टाकायची. चकतीचा दगड होतो. मग ती कुटून आत काय आहे ते बघायचं. शंभर फळं बघितली, एकातही काही नाही. ‘फळामध्ये हा जीन निद्रिस्त असतो,’ हे वाक्य मी लिहिलं आणि खाली सही केली, डॉ. लुटाकोमे.

या सहीवर माझी आत्या तयार झाली. पहिल्या जाहीर चाखणीसाठी बुकासामा गाव निवडलं होतं, म्हणजे माझंच गाव, आणि रांधणाऱ्या बायकांची म्होरकी होती नाकाबुगो आत्या. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिने. गावकऱ्यांनी विचारलं होतं, यात काही वाईट नाही ना? ती म्हणाली, आमच्या पोराने लिहून दिलंय. विषय संपला.

चाखणी शनिवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी सकाळी आमची प्रयोगशाळा सहायक नाल्वेयिसो एक बशी झाकून घेऊन आली. तिचं नाव त्या अकरात नाही. ती नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायची, भांडी धुवायची आणि आमच्या चुका गुपचूप दुरुस्त करायची.

“सर, एक बघता?”

“काय नवीन?”

“नवीन काही नाही. रोजचंच आहे, माझ्या घरचं.”

आमच्याकडे काही झाडं अशी होती की त्यांच्यात प्रमोटर तोच, पण पुढे मिरचीचा जीन नाही, रंगाचा जीन. ज्या पेशीत प्रमोटर उघडेल ती पेशी रंगद्रव्यात ठेवली की निळी होते. त्या झाडांची केळी नियमाप्रमाणे जाळून टाकायची होती. नाल्वेयिसोने त्यातली पाच बाजूला काढली, सुरीने सोलली, पाण्यात टाकून तीन तास ठेवली आणि मग रंगद्रव्यात घातली.

तिने झाकण काढलं. केळी निळी होती. कडेला फिकट वगैरे नाही. शाईच्या दौतीत पडल्यासारखी, आरपार.

“जिवाणूचा संसर्ग झाला असेल,” मी म्हणालो.

“तपासलं. स्वच्छ आहेत.”

“मग तीन तास पाण्यात कशाला ठेवलीस?”

तिने बशी टेबलावर ठेवली. “सर, तुम्ही कधी केळं सोललंय?”

“नाल्वेयिसो, मी पीएचडी आहे.”

“म्हणून तर विचारतेय. घरात दहा माणसं असली की सत्तर-ऐंशी केळी सोलायची असतात. दुपारीच बसतो आम्ही. काळी पडू नयेत म्हणून पाण्यात टाकतो. मग पानं आणायची, शेकायची, विस्तव करायचा, मध्ये पोरं, मध्ये शेजारीण. तीन तास म्हणजे मी हात चालवला सर. माझी सासू पाच लावते.”

“तू हे आधी का नाही बोललीस?”

“दोन वर्षांपूर्वी बैठकीत हात वर केला होता. तुम्ही म्हणालात, चहा इकडे ठेव.”

मला ते आठवत नव्हतं. तिला तारीख आठवत होती.

बुधवारी सकाळी आम्ही दोघांनी खऱ्या वाणाची फळं घेतली, तिच्या पद्धतीने सोलली आणि दर अर्ध्या तासाने मोजमाप केलं. पहिल्या अर्ध्या तासात काही नाही. तासाभराने थोडं. तीन तासांनी मिरचीच्या जीनच्या नकला चारशे पट झाल्या होत्या. केळं तोडलं म्हणून ते मेलेलं नसतं. त्याच्या पेशी जिवंत असतात, आणि सुरी लागली की त्यांना कळतं. जखम झाली की बाहेरच्या खोलीत काही कारकून हजर होतात, हे मूळ तुकड्याबाबतही ठाऊक होतं. पण तिथे दुसरे काही बसलेले असायचे, ज्यांचं काम एवढंच की पहिल्यांना सांगायचं, नुसती जखम आहे, जिवाणू नाही, घरी जा. त्यांच्या खुर्च्या मी कापलेल्या सहाशे अक्षरांत होत्या. शंभर फळांची चाचणी खोटी नव्हती. तीस सेकंदांत गोठवलेल्या केळ्याला जखम कळायला वेळच मिळाला नव्हता, एवढंच.

वाफवलेल्या केळ्यातही प्रथिन जसंच्या तसं होतं. तेही मोजलं.

दुपारी मी संचालकांच्या खोलीत गेलो. डॉ. ब्यारुहांगा शनिवारच्या मंडपाचा नकाशा बघत होते.

“आता कुठे माशी शिंकली?” माझा चेहरा बघून ते म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस हुशार आहे. चारशे पट म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

“उंदरांना काय झालं?”

“उंदरांना आपण न सोललेल्या केळ्याची भुकटी दिली होती.”

“म्हणजे उंदरांना काही झालं नाही.”

“नाही, पण—”

“मग अडचण कुठे आहे? बायकांना सांगा, पटापट सोला.”

“किती पटापट?”

“तुमच्या नायट्रोजनइतक्या.” आणि मग आवाज खाली आणून, “हे बघा लुटाकोमे, शनिवारी मंत्री येताहेत. तुम्ही सोमवारी लेखी द्या. मी समिती नेमतो.”

“शनिवारी माझी आत्या ते खाणार आहे, साहेब.”

“मग आत्याला सांगा, उपास करा. जाहीर बोलू नका म्हणजे झालं.”

मी आत्याला फोन लावला. बंद. तिचा फोन चार्जिंगला बाजारातल्या दुकानात असतो आणि आठवड्यातून एकदा घरी येतो, पाहुण्यासारखा. गुरुवारी सकाळी मी भाड्याची व्हॅन पकडली, फाट्यावर उतरून मोटरसायकलवाल्याच्या मागे बसलो आणि अकराच्या सुमारास तिच्या अंगणात पोचलो. घड आदल्या दिवशीच केंद्राच्या गाडीने आले होते. ओसरीला रांगेने उभे होते, हिरवेगार, निरोगी. असे घड त्या गावात सहा वर्षांत कोणी पाहिले नव्हते.

आत्या चटईवर बसून पानांच्या शिरा काढत होती. आमच्याकडे भेट झाली की रीतसर विचारपूस होते. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय, आणि प्रत्येक उत्तराला एक हुंकार. पाच मिनिटं सहज जातात. मी ती मध्येच तोडली.

“आत्या, या घडांतलं कोणी खाल्लं नाही ना?”

तिने हातातलं पान खाली ठेवलं. पन्नास वर्षांत तिची विचारपूस कोणी मध्येच तोडली नव्हती. “कोण गेलं?” तिने विचारलं.

“कोणी नाही. खाल्लंय का, सांग.”

“खाल्लं तर! मंत्र्याला चव न घेतलेलं वाढू? म्हणशील, आत्याने नाक कापलं. काल दुपारी सोललं, संध्याकाळी केलं. आठ जणं होतो.” मग जरा खुशीत येऊन म्हणाली, “छान शिजतं रे. मऊ होतं. जिभेला जराशा मुंग्या येतात, नवीन वाण आहे म्हणून असेल. आज सकाळी उरलेलं मीच संपवलं, टाकायचं कशाला?”

मी चटईवर बसलो. मग तिला सगळं सांगितलं. जीन, खोली, खुर्च्या हे मंत्रालयातलं काही नाही. म्हटलं, केळ्यात एक औषध आहे, ते रोग आला तरच तयार व्हायला हवं होतं, पण सुरी लागली तरी तयार होतंय.

“तू लिहिलं होतंस ना, ते झोपलंय म्हणून?”

“हो.”

“मग मी उठवलं.”

“नाही आत्या. त्याला झोपवून ठेवणारा भाग मी कापून टाकला.”

“का?”

“जागा नव्हती.”

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी एखादी गोष्ट फोडून आलो की याच नजरेने बघायची. “आणि आता खाल्लेल्यांचं काय?”

“माहीत नाही.”

“एवढी वर्षं परदेशात काढलीस, एवढी पुस्तकं—”

“हेच माहीत नाही, आत्या.”

ती उठली. मला वाटलं, रडेल किंवा मला दोन शब्द सुनावेल. तिने शेजारणीला हाक मारली, शेजारणीने पुढचीला, आणि थोड्या वेळात अंगणात सात बायका आणि त्यांचे कोयते जमले. आत्या म्हणाली, “पोरगा म्हणतोय, हे घड खराब आहेत. तुकडे करा आणि पुरून टाका.”

“तुकडे नको!” मी ओरडलो. “कोयता लावू नका त्यांना!”

सगळ्या थांबल्या. मग एक म्हणाली, “हा कोण, केळ्यांचा वकील?” आणि हशा पिकला. आत्याही हसली. त्यांनी खड्डा खणला आणि घड अख्खेच्या अख्खे खाली उतरवले, सांभाळून, ओरखडा न काढता. मीही एक टोक धरलं होतं.

मी आठही जणांची नावं लिहून घेतली, कोणी किती खाल्लं ते लिहिलं आणि सगळ्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं? म्हटलं, मटोके. तो म्हणाला, “मग आख्खा देश दाखल करून घ्यावा लागेल.” ताकदीच्या गोळ्या देऊन त्याने सगळ्यांना घरी पाठवलं.

शनिवारी मंडप उभा राहिला. बायका ठेवणीतले झगे घालून आल्या, कमरपट्टे नीट केले आणि पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसल्या. कोणाजवळ सुरी नव्हती. डॉ. ब्यारुहांगांनी माझ्याकडे बघितलं, मी खड्ड्याकडे. त्यांनी लगेच शहरातल्या हॉटेलात गाडी पाठवली. मंत्र्यांनी नव्या वाणाच्या चवीबद्दल वीस मिनिटं भाषण केलं आणि कोंबडीचा दुसरा तुकडा घेतला.

सोमवारी मी लेखी दिलं. ‘मिळाले’ असा शिक्का बसला. समिती नेमली गेली, अकरा जणांची. पानांच्या चाचण्या निर्विवाद असल्याने रोपवाटिकेचं काम थांबवायची गरज नाही, असं तिच्या पहिल्या बैठकीत ठरलं. रोपवाटिकेत चाळीस हजार रोपं आहेत, त्यांच्या गाड्या पुढच्या महिन्यात चार जिल्ह्यांत जाणार आहेत. नाल्वेयिसोने त्या बैठकीत पुन्हा हात वर केला. या वेळी चहा कोणी मागितला नाही. तिला बाहेर थांबायला सांगितलं.

आठांपैकी सात जणांच्या मुंग्या दोन दिवसांत गेल्या. आत्याच्या राहिल्या. तिने दोनदा खाल्लं होतं. जिभेवरून ओठांवर आल्या, आणि मग एके दिवशी ती म्हणाली, गंमत बघ, आज चुलीवरचं भांडं उघड्या हाताने उतरवलं, भाजलंच नाही. ती ही गोष्ट कौतुकाने सांगत होती. तळहातावर नाण्याएवढा फोड होता.

शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्याने तिला डोळे मिटायला लावले आणि बोटांना सुई टोचून बघितली. मला म्हणाला, रोज असंच बघा आणि लिहून ठेवा, वाढतंय की कमी होतंय ते कळेल. मग माझी कामाची जागाच बदलली म्हणायची. रोज दुपारी व्हॅन, फाटा, मोटरसायकल, अंगण. विचारपूस आता पूर्ण करायची, एकही प्रश्न न गाळता. मग आत्या डोळे मिटून दोन्ही हात माझ्यापुढे धरायची. मी एकेका बोटाला सुई लावायचो, तिला कळलं की ती ‘हं’ म्हणायची आणि मी वहीत खूण करायचो.

पहिल्या दिवशी नऊ ‘हं’ आले. मग आठ. मग दोन दिवस सहा. मध्ये एकदा सात आले, तेव्हा तिने शेजारणीला बोलावून सांगितलं, पोरगा म्हणतो मी सुधारतेय. मी तसं काही म्हटलं नव्हतं. नंतर चार.

काल मी जरा उशिरा पोचलो. तिने माझ्या पोरांचं विचारलं, बायकोचं विचारलं, पावसाचं विचारलं. मग चटईवर पाय मुडपून बसली, डोळे मिटले आणि हात पुढे केले. मी डाव्या करंगळीपासून सुरुवात केली. ती शांत होती. दुसरं बोट, तिसरं. मी जरा जोर लावला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला, मी तो रुमालाने टिपला. उजवा हात घेतला. तिचा चेहरा अंगणाकडे होता, ऊन डोळ्यांवर पडलं होतं, आणि ती एखाद्या आज्ञाधारक मुलीसारखी वाट बघत होती. शेवटच्या बोटात सुई चांगली खोल गेली.

“अरे,” ती डोळे न उघडता म्हणाली, “सुरू कर ना. मला पाणी आणायला जायचंय.”

“करतो,” मी म्हणालो, आणि सुई बाहेर काढली.